वारं गेलं

माझी थोरली बहीण बनूआक्का गलबतावर चढली, तेव्हा तिच्या पिशवीत दोन साड्या, शेंगदाण्याची चटणी, कडक भाकरींची चवड आणि एक नाडा होता. परकराला असतो तसला, सुती, वापरून वापरून करडा पडलेला. चटणी-भाकरीचं मला काही वाटलं नाही. आमच्याकडची बाई चंद्रावर निघाली तरी चटणी-भाकरी बांधून घेईल. नाडा बघून मात्र माझं डोकं फिरलं.

“ह्यो कशाला आनलास गं?” मी विचारलं.

“हाय आपला,” ती म्हणाली आणि तिनं तो साडीखाली दाबला.

त्या नाड्याची गोष्ट सांगितल्याशिवाय आक्काची गोष्ट सांगता येणार नाही.

आक्काचे यजमान नाथाजी, म्हणजे आमचे दाजी, फौजेत हवालदार होते. सगळी नोकरी ते सरहद्दीवर आणि आक्का कडेगावजवळच्या त्यांच्या गावात, उसाच्या रानात. सासू-सासरे, म्हशी, दोन पोरं, पाण्याची पाळी, सगळं तिच्या गळ्यात. दाजी वर्षातून एकदा ट्रंक घेऊन यायचे आणि सुट्टीभर स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखे वावरायचे. पेन्शनीत आल्यावर जरा बरे दिवस दिसतील असं वाटलं होतं. दिसलेही थोडे. मग पाच वर्षांपूर्वी एका सकाळी गोठ्यात वैरण टाकता टाकता ते खाली बसले, ते बसलेच. डॉक्टरांनी त्या दुखण्याचं नाव कागदावर लिहून दिलं, ते कागदावरच राहिलं. आमच्या भागात त्याला ‘अंगावरनं वारं गेलं’ म्हणतात. कुणी विचारलं की आक्का सांगते, “ह्यांच्या उजव्या अंगावरनं वारं गेलं.” आता आता तर तेवढंही सांगत नाही. “वारं गेलं,” एवढंच म्हणते. ऐकणाऱ्याला कळतं.

उजवा हात गेला, पाय गेला आणि त्यांच्याबरोबर बोलणंही गेलं. एकच शब्द मागं राहिला. “ऱ्हाऊंदे.” चहा पाहिजे असला तरी ऱ्हाऊंदे, नको असला तरी ऱ्हाऊंदे. उशी सरकली, लघवीला झालंय, टीव्हीवर कुस्ती लागलीय, दार लावून घ्या, सगळ्याला तोच एक शब्द. बाहेरच्या माणसाला काही उमगत नाही. आक्काला सुरावरून समजतं. ती पलीकडच्या खोलीत भाकरी थापत असते आणि तिथूनच म्हणते, “आले, भांडं घिऊन आले.” मी एकदा तिची परीक्षा घेतली होती. दाजी पाचदा ऱ्हाऊंदे म्हणाले आणि पाचही वेळा तिनं बरोबर ओळखलं. मला वाटलं ती खूश होईल. ती म्हणाली, “व्हय, पर दिपे, मला कवा कुनी वळखायचं?” आणि उठून म्हशीकडं गेली.

दाजींना रात्री हाक मारता येत नाही. म्हणून झोपताना नाड्याचं एक टोक त्यांच्या डाव्या मनगटाला आणि दुसरं आक्काच्या मनगटाला. त्यांनी ओढला की हिनं उठायचं. एका रात्रीत दोनदा, कधी चारदा. पाच वर्षं. तिच्या मनगटावर बांगड्यांच्या खाली एक बारीक वळ पडलाय, तो उन्हाळा-पावसाळा जात नाही.

आणि येणारे-जाणारे काय म्हणतात? “काय सेवा करते बाई! साक्षात सावित्री!” दाजींचे धाकटे भाऊ भाऊसो शेजारच्याच घरात राहतात. ते रोज संध्याकाळी येऊन खुर्चीत बसतात, चहा घेतात आणि म्हणतात, “वयनी, तुमी हाय म्हून.” कप खाली ठेवतात आणि जातात. एका संध्याकाळी मी तिथंच होते. मी म्हटलं, “भाऊसो, त्या हाईत म्हून तर तुमी न्हाई.” त्यानंतर ते मी असताना येत नाहीत. मी तासगावच्या बाजूला शाळेत मास्तरीण आहे आणि माझी जीभ तिखट आहे असं सगळे म्हणतात. म्हणू देत. कौतुकानं कुणाची कंबर दुखायची थांबत नाही, एवढं मला कळतं.

आक्काचा मुलगा जयराज नेव्हीत आहे. पोरगा दर्यावर नोकरी करतो आणि आईनं आयुष्यात समुद्र बघितलेला नाही, ही गोष्ट त्याला फार लागायची. गावाहून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर कोकण, पण रान सोडून जाणार कोण? या मे महिन्यात त्यानं आम्हाला न विचारता एक उद्योग केला. देवगडच्या अलीकडच्या एका खाडीत कुणीतरी जुन्या पद्धतीचं लाकडी गलबत बांधून घेतलंय आणि उन्हाळी सुट्टीत लोकांना चार दिवस त्यावर राहायला नेतात. त्यानं आई आणि मावशीची जागा धरून टाकली आणि मला फोन केला. “मावशी, तू तिला उचलून ने. ती सांगून ऐकणार न्हाई.”

सांगून ऐकली नाहीच. “ह्यांचं कोन बगंल?” हा एकच धोशा. शेवटी तिची मुलगी अंकिता पुण्याहून आठवड्यासाठी आली. लॅपटॉप घेऊन आली, दाजींच्या कॉटशेजारी टेबल लावलं आणि आईला म्हणाली, “तू गेली न्हाईस तर मी आत्ता परत जाते.” तरीसुद्धा आक्का दोन दिवस तिला शिकवत होती. भात किती मऊ, कूस कोणत्या अंगाला बदलायची, ऱ्हाऊंदे खालच्या सुरात आलं तर काय आणि ओढून आलं तर काय. अंकिता मान डोलवत होती. मला ठाऊक होतं, तिला त्यातलं निम्मंही समजलं नव्हतं.

निघताना आक्का दाजींच्या कॉटपाशी उभी राहिली. “आवं, चार दिस जाऊन येते. जाऊ का?”

“ऱ्हाऊंदे,” दाजी म्हणाले.

“बग, नगं म्हनत्यात,” ती माझ्याकडं वळली.

“कशावरनं? जा म्हनले आसतील,” मी म्हटलं आणि तिची पिशवी उचलून गाडीत टाकली.

दादासोची जीप होती. दादासो आमच्या आळीचा, घाटात हळू चालवणारा. वाटेत मी डोळे मिटून घेतले, आक्कानं नाही. घाटात, उतारावर, कोकणातल्या लाल वळणांवर ती खिडकीला डोकं टेकून टक्क बघत होती, पण बाहेरचं काही बघत नव्हती. तिचं लक्ष मनगटाकडं होतं. मधूनच उजव्या हातानं डावं मनगट चाचपायची. मला आधी वाटलं घड्याळ बघतेय. तिच्याकडं घड्याळ नाही.

गलबत खरंच देखणं होतं. तेलपाण्यानं काळंभोर झालेलं लाकूड, दोन डोलकाठ्या, काथ्याचे दोर आणि गुंडाळून ठेवलेली जाडजूड शिडं. बुधाजी नावाचे तांडेल होते. तांडेल म्हणजे गलबताचा कारभारी. वय झालेलं, अंग वाळलेलं, बोलणं कमी. त्यांच्या हाताखाली तीन खलाशी. आमच्याबरोबर पुण्याचं एक कुटुंब होतं, नवरा-बायको आणि दोन मुलं. गलबताच्या मालकानं किनाऱ्यावर उभं राहून मोठ्या अभिमानानं सांगितलं, “यावर इंजिन नाही. वारा नेईल तसं जायचं. चार दिवस फोन विसरा, घड्याळ विसरा.”

“आन् वारं न्हाई आलं तर?” आक्कानं विचारलं.

सगळे हसले. मालक म्हणाला, “येतंच, मावशी.”

समुद्र पहिल्यांदा बघणाऱ्या माणसानं काय करावं असं आपल्या मनात असतं. आक्कानं तसलं काही केलं नाही. ती कठड्याला धरून जरा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, “लय पानी हाय की गं. आमच्या रानाला चार दिसाआड पाळी येती.” मग आत जाऊन तिनं बघितलं तर खलाशांची भांडी घासायची पडली होती. पदर खोचला आणि बसली. मी ओढून उठवलं. थोड्या वेळानं बघते तर लसूण सोलतेय. मासे साफ करायला मात्र तिला येत नाही, नाहीतर तेही हिसकावून घेतलं असतं. डॉल्फिन दिसले म्हणून पुण्याची मुलं नाचत होती. मी आक्काला हाक मारली. ती आली, बघितलं, “बरं हाईत,” म्हणाली आणि परत गेली.

“आक्का, तू सुट्टीला आलीयास,” मी म्हटलं.

“मग काय करायचं आसतंय सुट्टीत?”

मी म्हटलं, “झोप.”

“झोपच लागंना बग,” ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. ती इतकी थकलेली होती की तक्रारीलाही तिच्यात जोर उरला नव्हता. तिचे डोळे आत गेले होते. चार दिवसांनी ही बाई अशीच घरी परतणार, आणि पुन्हा असे चार दिवस तिला मिळायचे नाहीत. मला समुद्र नको होता, गलबत नको होतं. माझ्या बहिणीनं एकदा तरी पोटभर झोपावं, एवढंच मला हवं होतं.

ती रात्रही तिनं जागून काढली. सकाळी चहाच्या वेळी मी बघितलं तर ती नाडा काढून बसली होती. एक टोक मनगटाला बांधलेलं, दुसरं मांडीवर. ते बघून मला राग आला, मग दया आली, मग पुन्हा राग आला.

पहाटेपासून जमिनीकडून मंद वारा होता. शिडं भरली होती आणि गलबत किनारा मागं टाकून बरंच आत आलं होतं. आम्ही बसलो होतो तिथं डोक्यावरून शिडाचा एक दोर खाली उतरला होता. शीड श्वास घेतल्यासारखं फुगायचं, सैल व्हायचं आणि तो दोर हळूच वरखाली व्हायचा. मी आक्काच्या मांडीवरचं नाड्याचं टोक उचललं आणि त्या दोराला बांधलं.

“घे,” मी म्हटलं, “तुजा नवरा. वडतोय बग कसा. आता नीज.”

आक्का हसली. खरंच हसली, तोंडाला पदर लावून, लग्नाआधी हसायची तशी. “आगं ए, येडी का काय तू,” म्हणाली. पण तिनं नाडा सोडला नाही. नाडा हलकेच ताणला जायचा, सैल पडायचा, पुन्हा ताणला जायचा. ती त्याच्याकडं बघत राहिली. मग शिडाच्या सावलीत गोधडीवर आडवी झाली. मी सहज समुद्राकडं बघितलं आणि परत वळले, तेवढ्यात ती झोपली होती. तोंड उघडं, हात पसरलेला, एक पाय साडीबाहेर. पुण्याच्या मुलांना मी डोळे वटारून गप्प केलं. खलाशांनाही हातानं खुणावलं. त्या गलबतावर मीच तांडेल झाल्यासारखी पहारा देत बसले.

किती वेळ गेला कोण जाणे. ऊन चढलं. शिडांची फडफड कमी झाली, मग थांबली. समुद्र ताटातल्या पाण्यासारखा निवांत झाला. दोर सैल पडला आणि त्याच्याबरोबर नाडाही. बुधाजी तांडेलांनी वर बघितलं आणि रोजचं बोलावं तसं, पण मोठ्यांदा, आपल्या माणसांना सांगितलं, “वारो गेलो रे!”

आक्का किंचाळून उठली.

“आवं! आवं! काय झालं? कुनीकडनं गेलं? दिपे, वारं गेलं म्हनतोय त्यो!” तिनं नाडा दोन्ही हातांनी ओढला. नाडा ढिला होता, सरळ हातात आला. “वडना झालंत! आगं, हात हालंना झालाय त्यांचा!”

मी तिला धरलं. “आक्का, गलबताचं वारं गेलं. शिडाचं. दाजींचं न्हवं. आपून समुद्रात हाय.”

तिनं शिडाकडं बघितलं, तांडेलांकडं बघितलं, आमच्याकडं आ करून बघणाऱ्या पुण्याच्या कुटुंबाकडं बघितलं. बिचारे तांडेल जवळ येऊन उभे राहिले. “भियाव नको, बाये,” म्हणाले. “वारो सकाळचो जाता, मगे दुसरो येतलो.” मला हसू फुटलं. काय करणार? चूकच तशी होती. आमच्या भागातली बाई सोडून जगात दुसरं कुणी त्या शब्दाला असं घाबरलं नसतं. मी हसत हसत तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागले.

ती हसली नाही. तांडेल लांब गेल्यावर ती खालच्या आवाजात म्हणाली, “दिपे, ऐक. त्यो वारं गेलं म्हनला, तवा माज्या मनात पयलं काय आलं म्हाईत हाय?”

“काय?”

“सुटले.” ती थांबली. “ह्यांचं कसं झालं, जवळ कोन हाय, त्यातलं कायबी न्हाई. सुटले, आसं आलं. लय बरं वाटलं गं. आन् मग वरडले.”

माझं हसू जागच्या जागी विरलं. मला तिचा राग आला नाही, एवढं सांगते. राग आला तो चहा पिऊन जाणाऱ्यांचा, सावित्री म्हणणाऱ्यांचा, आणि फोनवरून “काळजी घे” म्हणणाऱ्या सगळ्यांचा. पाच वर्षं एका बाईच्या मनगटाला नाडा बांधून ठेवला, तर तिच्या मनात दुसरं काय यावं?

पण आक्काला तो राग नको होता. तिला भीतीनं घेरलं होतं. “मी मनात आनलं, म्हंजे तिकडं झालं आसंल,” ती म्हणाली. “मला झोप लागली, नाडा ढिला पडला आन् तिकडं त्यांचं झालं. अंकीला काय कळतंय? मला घरी न्ही.”

मी फोन काढला. रेंज नव्हती. पुण्याच्या गृहस्थांचा फोन बघितला, त्यांच्याही नव्हती. तांडेलांना विचारलं, किनाऱ्यावर जाता येईल का? त्यांनी वर बोट दाखवलं. शिडं दोरीवरच्या वाळत घातलेल्या गोधड्यांसारखी लोंबत होती. “वारो येयसर थांबूक व्हया,” ते म्हणाले.

थांबलो. दुसरा इलाज नव्हता. डोक्यावर मे महिन्याचं ऊन, खाली न हलणारं पाणी, तापलेल्या लाकडाचा वास. पुण्याची मुलं कंटाळून पेंगायला लागली. आक्का नाडा मुठीत धरून बसली होती. जेवली नाही. तिच्या चेहऱ्यावर जे थोडं झोपेचं तेज आलं होतं, तेही गेलं. मला माझ्या शहाणपणाचा वीट आला. कशाला आणलं हिला इथं? घरी निदान दाजींच्या नाडीवर तरी हिचा हात असता.

मधेच ती उठून तांडेलांपाशी गेली. “दादा, गेल्यालं वारं परत येतंय का?”

“येता तर,” ते म्हणाले. “रोज येता.”

“आमच्याकडं न्हाई येत,” ती म्हणाली.

तांडेलांना काय समजलं कोण जाणे, त्यांनी तिला बसायला आपली घडी केलेली चादर दिली आणि तिच्याजवळ उभे राहिले. त्यांनी तिचं कौतुक केलं नाही, म्हणूनच ते मला आवडले.

मग पाण्यावर लांब एक गडद पट्टा दिसायला लागला. तांडेलांनी तिकडं मान हलवली. पट्टा जवळ आला, शिडाची एक कड उचलली, दोर ताठ झाले आणि गलबत कण्हत हललं. समुद्रावरचा वारा आला होता. गलबत किनाऱ्याकडं वळलं. टेकाडावरची घरं दिसू लागली, तेव्हा माझा फोन पिशवीत वाजायला लागला. सगळे साचलेले मेसेज एकदम येत होते. आक्कानं फोन माझ्या हातून ओढून घेतला. तिला कानाला लावून बोलता येत नाही, ती कायम स्पीकरवरच बोलते, तोंडापुढं आरसा धरल्यासारखा फोन धरून.

“अंकी! बाबा कसं हाईत?”

“बरे आहेत की,” अंकिताचा आवाज आला. “भात खाल्ला. कुस्ती बघतायत. काय झालं आई?”

आक्कानं डोळे मिटले. मी मनात म्हटलं, चला, झालं. पण तिचं झालं नव्हतं.

“फोन त्यांच्या हातात दे,” ती म्हणाली. “आन् तू भाईर जा.”

“आई, त्यांना धरता येईल का?”

“डाव्या हातानं धरत्यात. जा म्हनलं न्हवं.”

पलीकडं खुडबुड झाली. टीव्हीचा आवाज बंद झाला. दार लागल्याचा आवाज आला. मग दाजींचा श्वास ऐकू यायला लागला, जड, जरा घरघरणारा. मी तिच्या शेजारीच बसले होते. उठून जावं असं मनात आलं, पण तिनं माझा गुडघा घट्ट धरून ठेवला होता.

“आवं,” आक्का म्हणाली. तिचा आवाज एकदम लहान झाला होता. “मी हितं झोपले हुते. कुनीतरी म्हनलं, वारं गेलं. मला वाटलं तुमचं पुन्ना वारं गेलं. तुमी गेलासा, आसं वाटलं.” ती थांबली. “आन् मला बरं वाटलं. आयकताय न्हवं? मला बरं वाटलं. तुमच्यापासनं काय लपवून ठेवलं न्हाई आजपातूर, म्हून सांगतीया.”

गलबताच्या अंगावर पाणी आपटत होतं, त्यात दाजींचा श्वासही ऐकू येईना. मला वाटलं फोन कट झाला, म्हणून मी वाकून बघितलं. चालू होता.

“ऱ्हाऊंदे,” दाजी म्हणाले.

हळू म्हणाले. प्रत्येक अक्षर वेगळं काढून. मग जरा वेळानं पुन्हा, तसंच. “ऱ्हाऊंदे.”

पलीकडं काहीतरी पडल्यासारखा आवाज झाला आणि अंकिता “बाबा, फोन पडला का?” असं म्हणत आत आल्याचं ऐकू आलं. मी फोन घेतला, तिच्याशी दोन शब्द बोलले आणि ठेवून दिला.

“आक्का,” मी विचारलं, “काय म्हनले दाजी?” पाच वर्षांत त्या शब्दाचे सगळे सूर तिला पाठ झालेले. म्हणून विचारलं.

तिनं मान हलवली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. “ठावं न्हाई गं,” ती म्हणाली. “ह्ये मी कवा ऐकलं न्हवतं. ह्ये नवं हाय.”

बुधाजी तांडेल सुकाणू दुसऱ्याच्या हाती देऊन आमच्याकडं आले. त्यांनी सगळं ऐकलं असावं, पण दाखवलं नाही. “बाये, बंदर जवळ इला,” म्हणाले. “घराक जावचा आसात तर हयच सोडतंय तुमका.”

मी आक्काकडं बघितलं. दादासोला फोन करायला मी तयार होते. ती म्हणेल ते करायचं, मी ठरवलं होतं.

आक्कानं नाडा गुंडाळला, पिशवीत साडीखाली ठेवला आणि शिडाच्या सावलीत सरकून आडवी झाली.

“ऱ्हाऊंदे, दादा,” ती म्हणाली आणि तिनं कूस बदलली. थोड्या वेळानं ती घोरायला लागली, तेव्हा मी तिच्या पायावर साडी ओढून घातली.